आरएक्स ६५०० एक्सटी लावूनही गेम अडखळतो: दोष कुठे आहे, तो कसा ओळखायचा आणि काय करायचं

तक्रार जवळपास नेहमी एकाच शब्दांत येते. नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, फ्रेमचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) आकडा पन्नास-साठच्या घरात दिसतो, पहिली काही मिनिटं सगळं छान चालतं. मग नकाशाच्या नव्या भागात शिरलं, गाडी वेगात पळवली किंवा झटकन मागे वळलं की चित्र क्षणभर थिजतं. पुन्हा सुरळीत होतं, पुन्हा थिजतं. ड्रायव्हर काढून नव्याने टाकून झालेला असतो, विंडोजही नव्याने टाकून झालेलं असतं. काही जण तर दुकानात भांडून त्याच मॉडेलचं दुसरं कार्ड घेऊन येतात, आणि तेही तसंच वागतं.

कार्डाचं नाव विचारलं तर बरेचदा उत्तर मिळतं: एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी, किंवा त्याचं धाकटं भावंड आरएक्स ६४००. अशा वेळी कार्ड बिघडलेलं असण्याची शक्यता कमीच असते. त्याच्या रचनेत दोन उणिवा आहेत. एकेकटी असती तर दोन्ही चालून गेल्या असत्या, पण विशिष्ट मदरबोर्डावर त्या एकत्र आल्या की गेम खेळणं नकोसं होतं. आपल्या मशीनवर नेमकं तेच घडतंय का, हे तासाभरात कळू शकतं. तेवढं कळेपर्यंत कृपया आणखी एक रुपयाही खर्च करू नका.

दुखणं नेमकं काय आहे

आरएक्स ६५०० एक्सटी जानेवारी २०२२ मध्ये बाजारात आलं, जाहीर किंमत १९९ डॉलर. तो काळ कार्डांच्या टंचाईचा होता. या किमतीत नवंकोरं कार्ड मिळतंय हेच मोठं वाटत होतं, आणि लोकांनी ते घेतलं यात त्यांचं काहीच चुकलं नाही. त्यातली नावी २४ ही चिप मुळात लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. लॅपटॉपमध्ये शेजारचा नवा प्रोसेसर पीसीआयई (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला माहितीचा रस्ता) ४.० चा असतो, व्हिडिओचं बरंचसं कामही तोच करतो. त्यामुळे चिप लहान आणि स्वस्त ठेवायला काही गोष्टी कापल्या तरी तिथे फारसं बिघडत नाही. तीच चिप डेस्कटॉपच्या कार्डावर आली तेव्हा कापलेल्या गोष्टीही सोबत आल्या.

पहिली उणीव म्हणजे मेमरी फक्त ४ जीबी, तीही ६४ बिटच्या अरुंद मार्गाने जोडलेली. मेमरीचा वेग सेकंदाला १४४ जीबी. दुसरी उणीव अशी की मदरबोर्डाशी बोलायला या कार्डाला पीसीआयईच्या फक्त ४ लेन, म्हणजे समांतर वाटा, आहेत. स्लॉट १६ लेनचा असू दे, कार्ड त्यात अगदी चपखल बसू दे, काम चारच लेनवर चालतं. याच्या आधीच्या पिढीतल्या आरएक्स ५५०० एक्सटीला ८ लेन होत्या, त्याच्याही आधीच्या आरएक्स ५७० ला पूर्ण १६.

आता गेमला ४ जीबीपेक्षा जास्त जागा लागली की काय होतं ते बघा. उरलेले टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं) संगणकाच्या साध्या रॅममध्ये ठेवले जातात आणि लागतील तसे त्या चार लेनवरून ओढून आणावे लागतात. पीसीआयई ४.० वर चार लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जातात. पीसीआयई ३.० वर तेच निम्मं, सुमारे ३.९ जीबी. ६० फ्रेमने खेळायचं तर एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात ३.० च्या चार लेनवरून फार तर ६६ एमबी येतात. एखाद्या वळणावर अचानक २०० एमबी टेक्स्चर लागले तर नुसत्या वाहतुकीलाच ५० मिलिसेकंद गेले, म्हणजे तीन फ्रेम बुडाल्या. आपल्याला जाणवतो तो झटका हाच. ३.० च्याच स्लॉटमध्ये १६ लेनचं जुनं कार्ड असतं तर तेवढाच माल १३ मिलिसेकंदांत आला असता आणि बहुधा तुमच्या लक्षातही आलं नसतं.

म्हणून फ्रेमची सरासरी बघून काही कळत नाही. सेकंदाच्या नऊ दशांश भागात कार्ड भराभर फ्रेम देतं, उरलेल्या एका दशांशात रस्त्यावर खोळंबून बसतं. सरासरी काढली की तो खोळंबा दिसेनासा होतो, डोळ्यांना मात्र तोच खुपतो.

जून २०२० मध्ये एएमडीनेच जाहीरपणे मांडलं होतं की आजच्या गेमना ४ जीबी मेमरी पुरत नाही. त्यानंतर दीड वर्षाने त्याच कंपनीचं ४ जीबीचं नवं कार्ड आलं. खोक्यावर मेमरीचा आकडा ठळक छापलेला असतो, लेनचा आकडा शोधावा लागतो. माझ्या मते हा आकडा दुकानदाराने गिऱ्हाइकाला तोंडी सांगायलाच हवा, कारण ज्याच्याकडे जुनं मशीन आहे त्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे.

तुमचं मशीन कोणत्या गटात येतं

आपल्याकडे परवडणारं मशीन म्हणून जे जोडले गेले, त्यांतले पुष्कळ पीसीआयई ३.० च्याच गटात सापडतात. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर फार तर ३.० वर चालतात, म्हणजे कोर आय३-१०१००एफ आणि आय५-१०४००एफ हे दोन्ही लाडके प्रोसेसर त्यात आले. मदरबोर्ड बी५६० असला आणि त्यावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर असला तरीही ३.० च. एएमडीकडे बी४५० आणि ए५२० बोर्ड ३.० चे. बी५५० बोर्ड ४.० चा आहे खरा, पण त्यावर रायझन ५ ५६००जी किंवा रायझन ५ ५५०० लावला असेल तर मिळणार ३.० च, कारण मर्यादा प्रोसेसरची आहे. इथे बरेच जण फसतात: ५६०० ला ४.० मिळतं, ५६००जी ला नाही, आणि नावात फरक फक्त एका अक्षराचा.

आरएक्स ६४०० ची गोष्ट तर जास्त वाईट वाटते. ५३ वॅट, वेगळी पॉवर केबल नको, बुटक्या कॅबिनेटमध्ये बसणारी आवृत्ती मिळते. त्यामुळे कार्यालयांतून निघालेल्या सेकंडहँड छोट्या मशीनमध्ये लोक ते हौसेने लावतात. आणि त्या मशीन सहाव्या, आठव्या पिढीच्या, म्हणजे सगळ्या ३.० च्या. जिथे या कार्डाची सगळ्यात जास्त गरज भासते तिथेच ते सगळ्यात जास्त अडतं.

इंटेलची बारावी पिढी, म्हणजे आय३-१२१००एफ आणि एच६१० बोर्ड, किंवा रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड असं काही असेल तर लेनची अडचण निम्मी होते. गेम तरीही अडखळत असेल तर कारण बहुधा वेगळं आहे, आणि पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी जास्त महत्त्वाच्या आहेत.

तपासणी पहिली: लेनचा वेग

जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. उघडल्यावर पहिल्याच पानावर 'बस इंटरफेस' अशी ओळ दिसते. तिच्यात ॲटच्या चिन्हाआधी कार्डाची क्षमता असते आणि चिन्हानंतर या घडीला प्रत्यक्षात काय चाललंय ते. आपल्याला चिन्हानंतरचा भाग वाचायचा आहे. तिथे 'एक्स४ १.१' (एक्स४ म्हणजे चार लेन) दिसलं तर घाबरू नका. कार्ड रिकामं बसलेलं असताना वीज वाचवायला वेग स्वतःहून खाली आणतं. त्या ओळीच्या शेजारी प्रश्नचिन्हाचं बटण आहे, ते दाबून छोटी चाचणी सुरू करा. चित्र फिरायला लागलं की आकडा बदलतो आणि जिथे थांबतो तो खरा.

'एक्स४ ४.०' आलं तर उत्तम. 'एक्स४ ३.०' आलं तर मशीन वर सांगितलेल्या ३.० च्या गटातलं आहे. त्याहून खाली, म्हणजे 'एक्स४ २.०' किंवा 'एक्स१' असं काही आलं तर मात्र ही दुरुस्त होणारी चूक आहे. कार्ड बोर्डावरच्या खालच्या लांब स्लॉटमध्ये बसवलेलं आहे का ते बघा. बी४५० वरचा तो दुसरा स्लॉट बरेचदा चिपसेटवरून (बोर्डावरच्या मदतनीस चिपवरून) येतो आणि २.० वरच चालतो. दिसायला तो वरच्या स्लॉटइतकाच लांब असतो, म्हणून घोटाळा होतो. उभ्या बसवलेल्या कार्डासाठी रायझर केबल वापरली असेल तर ती काढून कार्ड सरळ बोर्डात लावून बघा. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पीसीआयईचा वेग कुणी हाताने 'जेन २' किंवा 'जेन ३' वर ठेवला असेल तर 'ऑटो' करा. आणि कार्ड एकदा काढून, स्लॉटवरची धूळ कोरड्या ब्रशने झटकून पुन्हा घट्ट बसवा. मशीन बंद करून, प्लग काढून, हे सांगायला नको.

तपासणी दुसरी: मेमरी खरंच भरते का

हिच्यासाठी वेगळं काही उतरवायला नको. टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, निवडा. खाली दोन आलेख दिसतात: 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' ही कार्डावरची ४ जीबी, आणि 'शेअर्ड जीपीयू मेमरी' म्हणजे साध्या रॅममधून उसनी घेतलेली जागा. गेम खिडकीत चालवा किंवा दुसरा मॉनिटर असेल तर त्यावर हे उघडं ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं खेळा, तेही जिथे हमखास अडखळतं त्याच जागी.

शेअर्डमध्ये थोडीफार जागा नेहमीच दिसते, तिला महत्त्व नाही. बघायचं ते दोन्ही एकत्र: डेडिकेटेडची रेघ वरच्या टोकाला टेकून सपाट झाली आणि त्याच वेळी शेअर्ड चढत चालली. झटका बसतो त्या क्षणी शेअर्ड उडी मारत असेल तर निदान झालं.

मनात शंका उरली असेल तर सगळ्यात खात्रीची परीक्षा अशी. गेममधल्या बाकी सगळ्या सेटिंग तशाच ठेवा, फक्त टेक्स्चर 'अल्ट्रा' किंवा 'हाय'वरून 'मीडियम'वर आणा. गेम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, कारण काही गेम चालू असताना जुने टेक्स्चर सोडत नाहीत. सरासरी फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या आणि झटके मात्र गेले, तर दुखणं मेमरीचं आणि लेनचंच. टेक्स्चरमुळे चिपवर गणिताचा भार फारसा वाढत नाही, जागा मात्र खूप लागते, म्हणून ही परीक्षा इतकी स्वच्छ निकाल देते.

झटक्याच्या तऱ्हा वेगळ्या असतात

प्रत्येक अडखळण्याला कार्ड जबाबदार नसतं. एखाद्या जागी पहिल्यांदा गेल्यावर झटका बसला आणि दुसऱ्यांदा त्याच जागी काही झालं नाही, तर ते शेडर (चित्र रंगवण्याच्या छोट्या प्रोग्राम) तयार होणं आहे. ड्रायव्हर नवीन टाकल्यावर हे पुन्हा सुरू होतं, खेळत राहिलं की कमी होतं. मेमरीचा झटका मात्र त्याच जागी पुन्हापुन्हा बसतो आणि जितका वेळ खेळाल तितका वाढतो.

फ्रेम हळूहळू खाली आल्या आणि खालीच राहिल्या तर तापमान बघा. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये तापमान आणि क्लॉक (चिपचा वेग) दोन्ही एकत्र दिसतात. कॅबिनेटला पुढून हवा नाही, मागे पंखा नाही अशी स्थिती असेल तर मे महिन्यात नागपुरात कोणतंही कार्ड दमणारच.

स्क्रीन काळी होऊन मशीन रिस्टार्ट होत असेल तर तो विषय एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा. आरएक्स ६५०० एक्सटी १०७ वॅट घेतं. हा काही मोठा आकडा नाही, पण कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या '४५० वॅट'च्या डब्यावरचं लेबल वाचून १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. तिथे १५-१६ अँपिअर असतील तर तो डबा त्या रेषेवर दोनशे वॅटच्या आतच आहे, ४५० छापलं असलं तरी. हा तुकडा बदलण्यात कंजुषी करू नका, तो गेला तर जाताना बोर्डही घेऊन जाऊ शकतो.

आणखी एक: रॅम. एकच ८ जीबीची पट्टी असेल तर या कार्डासाठी तो दुष्काळात तेरावा महिना. उसनी जागा त्याच रॅममधून घेतली जाते, आणि ८ जीबीमध्ये विंडोज, ब्राउझर आणि गेम यांचीच ओढाताण चाललेली असते. त्याच वेगाची दुसरी ८ जीबीची पट्टी योग्य स्लॉटमध्ये लावली की रॅम दोन वाटांनी चालते. या सगळ्या यादीत पैसे खर्च करण्याजोगी मला सर्वांत आधी हीच गोष्ट वाटते, कारण उद्या कार्ड बदललं तरी ती वाया जात नाही.

आता उपाय

टेक्स्चर खाली आणणं हा पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय. डेडिकेटेडची रेघ ३.५ जीबीच्या आसपास राहील इथपर्यंत आणा, काठोकाठ भरू देऊ नका. १०८० च्या पडद्यावर 'मीडियम' टेक्स्चर बहुतेक गेममध्ये बरे दिसतात. सावल्यांचा दर्जाही मेमरी खातो, तो एक पायरी खाली. रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश दाखवण्याची सोय) या कार्डावर बंदच ठेवा. कागदावर ती सोय आहे, पण तिच्यासाठी लागणारी जास्तीची माहितीही याच ४ जीबीमध्ये बसवावी लागते. एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवणारी सोय) असेल तर 'क्वालिटी'वर लावून बघा. आतलं चित्र लहान झाल्याने थोडी मेमरीही सुटते, पण टेक्स्चर तेवढेच राहतात, म्हणून त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

दुसरं, गेम सुरू करण्याआधी कार्डावर कोण कोण बसलंय ते बघा. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये रकाने निवडताना 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' जोडता येतो. ब्राउझरच्या वीस टॅब, डिस्कॉर्ड, हलता वॉलपेपर, गेम विकणाऱ्या ॲपची खिडकी, सगळे मिळून मोठी जागा अडवून बसलेले सापडतील. १२ जीबीच्या कार्डावर हे कुणी मोजत नाही, पण ४ जीबीमध्ये अर्धा जीबी गेला म्हणजे आठवा हिस्सा गेला. ब्राउझर बंद करा, किंवा त्यातलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद ठेवा.

तिसरं, रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, जिला एएमडी स्मार्ट ॲक्सेस मेमरी म्हणतं. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्हींना जमत असेल तर चालू करा. बायोस आधी अद्ययावत, मग 'सीएसएम' (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) बंद, 'अबव्ह ४जी डिकोडिंग' चालू, मग 'रिसाइज बार' चालू किंवा ऑटो. सीएसएम बंद करण्यापूर्वी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन विंडोजची डिस्क 'जीपीटी' आहे की 'एमबीआर' (डिस्कच्या विभागणीच्या या दोन पद्धती) ते नक्की तपासा. एमबीआर असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज सुरूच होणार नाही. विंडोजमधलं एमबीआर२जीपीटी हे साधन डेटा न पुसता डिस्क बदलून देतं, पण आधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढून ठेवा. एवढं करून गेमगणिक थोडाबहुत फायदा मिळतो. चार लेनच्या आठ होत नाहीत.

ड्रायव्हरचं पुन्हा टाकणं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं आणि त्याचा ड्रायव्हर अजून राहिलाय असं असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या साधनाने सगळं पुसून नव्याने टाका. एरवी दर आठवड्याला ड्रायव्हर बदलत बसल्याने या दुखण्याला काहीच उतार पडत नाही.

गेमबाहेरची तक्रार: रेकॉर्डिंग आणि व्हिडिओ

याच कार्डाबद्दल दुसरा प्रश्न येतो तो ओबीएसचा, म्हणजे रेकॉर्डिंग आणि थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरचा. एन्कोडरच्या (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या साधनांच्या) यादीत एएमडीचा पर्यायच दिसत नाही, म्हणून लोक ड्रायव्हरला दोष देतात. या चिपमध्ये व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही, एच.२६४ नाही, एचईव्हीसी नाही (व्हिडिओ दाबण्याच्या या दोन पद्धती). कितीही शोधलं तरी तो पर्याय येणार नाही. तुमचा इंटेल प्रोसेसर 'एफ' अक्षराचा नसेल तर बायोसमध्ये अंतर्गत ग्राफिक्स चालू ठेवा, मग ओबीएसमध्ये क्विक सिंक (इंटेलचा एन्कोडर) दिसेल आणि काम सुंदर होईल. ५६००जी वाल्यांनाही अंतर्गत ग्राफिक्सचा एन्कोडर मिळतो. १०४००एफ असेल तर प्रोसेसरवरच x२६४ ने रेकॉर्ड करावं लागेल. तेव्हा 'व्हेरी फास्ट' ठेवा, ७२० वर, ३० फ्रेम. शिकवणीचे व्हिडिओ किंवा गेमचं थेट प्रक्षेपण हेच तुमचं काम असेल तर हे कार्ड तुमच्यासाठी नाही.

एव्ही१ ही व्हिडिओची नवी पद्धत डिकोड करणारा, म्हणजे उलगडणारा, भागही यात नाही. यूट्यूबवर एखादा व्हिडिओ सुरू झाल्यावर प्रोसेसर तापायला लागला तर व्हिडिओवर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकच्या ओळीत 'एव्ही०१' दिसलं तर कारण तेच. फायरफॉक्समध्ये अबाउट:कॉन्फिग उघडून मीडिया.एव्ही१.एनेबल्ड 'फॉल्स' करा; क्रोमसाठी एव्ही१ अडवणारी छोटी एक्स्टेन्शन मिळतात. मग यूट्यूब व्हीपी९ या जुन्या पद्धतीचा व्हिडिओ देतं आणि ते कार्डाला पेलतं.

ठेवायचं की बदलायचं

वरचं सगळं करून झटके गेले आणि तुमचे आवडीचे गेम मीडियमवर नीट चालतात, तर कार्ड ठेवा. स्पर्धेचे हलके गेम खेळणाऱ्यांचं यात काही अडत नाही, कारण ते गेम ४ जीबीच्या आतच राहतात.

बदलायचंच ठरलं आणि मशीन ३.० चं आहे, तर माझं मत स्पष्ट आहे: आरएक्स ६६०० बघा. ८ जीबी मेमरी, १२८ बिट, ८ लेन, १३२ वॅट. ३.० वर त्याच्या लेनही निम्म्या वेगाने चालतात, पण मेमरी दुप्पट असल्याने रस्त्यावर माल आणायची वेळच कमी येते. एसएमपीएसमधून वेगळी पॉवर केबल निघत नसेल, कार्यालयीन छोटं मशीन असेल, तर आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती ७० वॅटमध्ये चालते. तिलाही ८ लेन आहेत आणि एन्कोडरही आहे. फक्त घेताना '६ जीबी' आणि '८ जीबी' ही दोन वेगळी कार्डं आहेत हे लक्षात असू द्या, ८ जीबीवाल्याला पॉवर केबल लागते.

जुनं आरएक्स ५८० बरेच जण सुचवतात. १६ लेन आणि २५६ बिटमुळे जुन्या बोर्डावर ते अजून बरं पळतं, पण १८५ वॅट ओढतं आणि बाजारात फिरणारी बरीचशी कार्डं क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली आहेत. अर्धा तास समोर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

मदतीसाठी विचारताना 'नवीन पीसी लॅग होतोय' एवढंच लिहू नका. प्रोसेसरचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट, मदरबोर्डाचं नाव, रॅमच्या पट्ट्या किती, जीपीयू-झेडच्या चाचणीनंतरची बस इंटरफेसची ओळ, आणि झटका बसतो त्या क्षणीचे डेडिकेटेड व शेअर्डचे आकडे द्या. एवढं हाताशी असलं की बहुतेक वेळा पहिल्याच उत्तरात निकाल लागतो.